कलम ६.१ (ओ): ब्लिझर्ड, हाँगकाँग आणि वाशीतली एक नियमावली

काय घडलं

६ ऑक्टोबर २०१९, रविवार. ‘हर्थस्टोन’ हा ब्लिझर्ड कंपनीचा पत्त्यांचा ऑनलाइन खेळ. त्याच्या ग्रँडमास्टर्स स्पर्धेतला आशिया-पॅसिफिक गटाचा एक सामना नुकताच संपला होता आणि तैवानच्या प्रक्षेपणावर विजेत्याची मुलाखत सुरू होणार होती. विजेता हाँगकाँगचा. खेळाडू म्हणून त्याचं नाव ‘ब्लिट्झचुंग’. तो कॅमेऱ्यासमोर आला तोच डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर गॅस मास्क चढवून. हाँगकाँगमध्ये तेव्हा आंदोलनाला चार महिने होत आले होते आणि आदल्याच दिवसापासून, ५ ऑक्टोबरपासून, तिथल्या सरकारने मोर्चात चेहरा झाकायला बंदी केली होती. म्हणजे तो मास्क हीच अर्धी घोषणा होती. उरलेली अर्धी त्याने तोंडाने दिली: हाँगकाँग मुक्त करा, ही आपल्या काळाची क्रांती आहे.

पुढे काय येणार हे दोन्ही निवेदकांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी टेबलाखाली डोकी घातली. प्रक्षेपण जाहिरातीवर गेलं आणि नंतर ती चित्रफीतही काढून टाकली गेली.

८ तारखेला, म्हणजे दोन दिवसांत, ब्लिझर्डचा निकाल आला. खेळाडू स्पर्धेतून बाद, त्या हंगामाचं बक्षीस शून्य, बारा महिने कुठल्याही हर्थस्टोन स्पर्धेत बंदी. दोन्ही निवेदकांशी कंपनीने संबंध तोडले. आधार दिला स्पर्धेच्या नियमावलीतल्या कलम ६.१ (ओ) चा. त्या कलमाचा आशय असा: ज्या कृतीमुळे, केवळ ब्लिझर्डच्या मते, खेळाडूची सार्वजनिक बदनामी होते, समाजातला एखादा घटक किंवा गट दुखावतो, किंवा अन्य प्रकारे ब्लिझर्डच्या प्रतिमेला बाधा येते, अशा कृतीबद्दल खेळाडूला काढलं जाईल आणि त्याचं बक्षीस शून्य डॉलर केलं जाईल.

हे कलम नीट लक्षात ठेवा. गेमिंगवाल्या मुलांनी या प्रकरणावर पुष्कळ लिहिलंय, पण बहुतेकांनी चीन, हाँगकाँग आणि पैसा एवढ्यावरच भर दिला. माझा धंदा करारनाम्यांचा. ठाण्याच्या नौपाड्यात बसून छोट्या कंपन्यांचे, कार्यक्रम भरवणाऱ्यांचे मसुदे तपासणं हेच दिवसभर चालतं. त्यामुळे माझी नजर साहजिकच आधी कलमावर गेली. आणि माझं मत असं की चीनने दबाव आणला की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी ब्लिझर्डचा घात त्या कलमानेच केला.

आठवड्याभरात जे झालं

निकाल जाहीर झाला त्याच दिवशी कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या ब्लिझर्डच्या मुख्यालयात काही कर्मचारी छत्र्या घेऊन आवारात जमले. छत्री हे हाँगकाँगच्या २०१४ च्या आंदोलनाचं चिन्ह. आवारात एका ऑर्क योद्ध्याचा भव्य पुतळा आहे आणि त्याच्या भोवती कंपनीची मूल्यं कोरलेल्या पाट्या बसवलेल्या आहेत. त्यातल्या दोन पाट्यांवर कुणीतरी कागद चिकटवले: एक ‘जागतिक विचार करा’ अशा अर्थाची, दुसरी ‘प्रत्येक आवाज महत्त्वाचा’ अशा अर्थाची. शेकडो पानांच्या टीकेपेक्षा त्या दोन झाकलेल्या पाट्यांचा फोटो जास्त फिरला. घरचीच माणसं घरच्या भिंतीवरचं वाक्य झाकतात, तेव्हा जनसंपर्क खात्याला बोलायला काही उरत नाही.

त्याच दिवशी अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयीन हर्थस्टोन स्पर्धेत कॅमेऱ्यासमोर फलक धरला: हाँगकाँगला मुक्त करा, ब्लिझर्डवर बहिष्कार घाला. प्रक्षेपण झटकन दुसरीकडे वळवलं गेलं. पण शिक्षा? काहीच नाही. त्या पोरांनी हाच मुद्दा लावून धरला. हाँगकाँगच्या मुलाला वर्षाची बंदी आणि आम्हाला पुढच्या सामन्याचं वेळापत्रक, हे कसं? पुढच्या सामन्यातून त्यांनी आपण होऊन अंग काढून घेतलं. आठवड्याभराने त्यांनाही सहा महिन्यांची बंदी झाली. न्याय सारखा दिसावा म्हणून उशिरा दिलेली शिक्षा कुणालाच न्याय वाटत नाही.

मग ओळच लागली. नावाजलेले निवेदक ब्रायन किबलर यांनी ग्रँडमास्टर्सचं काम सोडलं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ घडवणाऱ्या मूळ चमूचे एक प्रमुख मार्क कर्न यांनी आपलं सभासदत्व रद्द केल्याचं जाहीर केलं. मित्सुबिशीच्या तैवान शाखेने प्रायोजकत्व काढून घेतलं. न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात ‘ओव्हरवॉच’ खेळाच्या नव्या आवृत्तीचा सोहळा ठरला होता, तो रद्द झाला. ओव्हरवॉचमध्ये मेई नावाची एक चिनी हवामानशास्त्रज्ञ नायिका आहे. लोकांनी तिलाच हाँगकाँगच्या आंदोलनाचं बोधचित्र करून टाकलं. ब्लिझर्डचं पात्र, ब्लिझर्डचं रेखाटन, आणि हातात ब्लिझर्डच्याच विरोधातला फलक! १८ ऑक्टोबरला अमेरिकेच्या संसदेतल्या पाच जणांनी कंपनीला पत्र लिहिलं. त्यात रिपब्लिकन मार्को रुबिओ होते आणि डेमोक्रॅट अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझही होत्या. या दोघांच्या सह्या एका कागदावर आणायला एखादं मोठंच कारण लागतं.

मधल्या काळात, ११ ऑक्टोबरच्या शुक्रवारी रात्री, ब्लिझर्डचे अध्यक्ष जे. ॲलन ब्रॅक यांचं निवेदन आलं होतं. बक्षीस परत दिलं, बंदी सहा महिन्यांवर आणली, निवेदकांनाही सहा महिन्यांवर ठेवलं. चीनमधल्या आमच्या व्यवहाराचा या निर्णयाशी संबंध नव्हता, खेळाडूचं मत काय होतं याचाही नव्हता, उलट बाजूचं मत अशाच पद्धतीने मांडलं असतं तरी आम्ही हेच केलं असतं, असा त्याचा सूर. शुक्रवारी रात्री निवेदन काढणं ही सगळीकडच्या कंपन्यांची जुनी खोड. शनिवार-रविवारी गरमागरमी ओसरेल अशी आशा असते. ओसरली नाही. १ नोव्हेंबरला ॲनाहाइम इथे ब्लिझकॉन मेळाव्याच्या मंचावर ब्रॅक यांना माफी मागावी लागली: निर्णय घेताना आम्ही फार घाई केली आणि तुमच्याशी बोलायला फार उशीर केला. सभागृहाबाहेर निदर्शनं चालू होती. आत थोड्या वेळाने ‘डायब्लो ४’ या नव्या खेळाची घोषणा झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन्ही खरं. बहिष्काराचं वजन मोजताना हे विसरू नये.

पैसा कुठे अडकला होता

इथे थोडं भान ठेवून बोलायला हवं, कारण भारतात या विषयावर बोलताना ‘चिनी कंपनी’ हा शब्द फार सैल वापरला जातो. ब्लिझर्ड चिनी नव्हती. तिची पालक कंपनी ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड हिच्यात चीनच्या टेन्सेंटचा वाटा होता सुमारे ५ टक्के. ५ टक्क्यांत कुणी कंपनी चालवत नाही. याउलट ‘फोर्टनाइट’वाल्या एपिक गेम्समध्ये टेन्सेंटचा वाटा ४० टक्के, तरी तिचे मालक टिम स्वीनी यांनी त्याच आठवड्यात उघड सांगितलं की आमचे खेळाडू राजकारणावर बोलले तर आम्ही शिक्षा करणार नाही. म्हणजे नुसत्या समभागांच्या टक्केवारीवरून वागणं ठरत नाही.

खरी नाडी वेगळीकडे होती. चीनमध्ये परदेशी कंपनीला आपला खेळ थेट प्रकाशित करता येत नाही, स्थानिक भागीदार लागतो. ब्लिझर्डसाठी २००८ पासून तो भागीदार नेटईझ. त्याशिवाय प्रत्येक खेळाला सरकारी परवाना लागतो आणि हा परवाना रोखून धरणं काय असतं ते सगळ्यांनी २०१८ मध्येच पाहिलं होतं. त्या वर्षी मार्चपासून डिसेंबरपर्यंत नवे परवाने देणंच बंद होतं, टेन्सेंटसारख्या घरच्या कंपनीलाही त्यात घाम फुटला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ब्लिझर्ड नेटईझबरोबर ‘डायब्लो इम्मॉर्टल’ बनवत होती, म्हणजे परवान्याच्या रांगेत उभी होती. त्यात ४ ऑक्टोबरला ह्यूस्टनच्या बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या बाजूने एक ट्वीट केलं आणि चीनच्या सरकारी वाहिनीची एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, सामन्यांचं प्रक्षेपण रोखण्यापर्यंत मजल गेली. ब्लिझर्डचा निकाल याच गदारोळात आला. अशा वेळी बीजिंगहून फोन यायची गरज नसते. शेजारच्याची काच फुटलेली दिसत असते.

एक कागद मात्र कंपनीला फार महागात पडला. चीनमधल्या वेबो या माध्यमावरच्या हर्थस्टोनच्या अधिकृत खात्याने घटनेचा तीव्र निषेध करून देशाची प्रतिष्ठा आम्ही जपू, अशा अर्थाचं लिहिलं. इंग्रजीत कंपनी सांगत होती की मताशी आम्हाला देणंघेणं नाही, आणि चिनीत तिच्याच नावाचं खातं मताचाच निषेध करत होतं. ते शब्द चीनमधल्या प्रकाशकाचे, आपले नव्हेत, असा खुलासा पुढे झाला. असेलही. पण आपलं नाव दुसऱ्याच्या हाती देताना तो त्या नावाने काय बोलू शकतो हे करारात लिहून घ्यायचं असतं.

कलमाची चिरफाड

ब्लिझर्डच्या बाजूने जेवढं म्हणता येईल तेवढं आधी म्हणून घेऊ. स्पर्धा भरवणाऱ्याला मंच आपल्या हातात ठेवण्याचा हक्क आहे. विजेत्याची मुलाखत खेळाबद्दल असावी ही अपेक्षा चुकीची नाही. ऑलिम्पिकच्या सनदेतला नियम ५० तर स्पर्धेच्या ठिकाणी राजकीय, धार्मिक वा वांशिक प्रचाराला सरळ मनाई करतो. टोकियोच्या आधी, २०२१ मध्ये, त्यात थोडी सवलत दिली गेली, पण पदकमंचावरची मनाई कायम राहिली. त्याच आठवड्यात रायट गेम्सने, जी संपूर्णपणे टेन्सेंटच्या मालकीची आहे, आपल्या ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या जागतिक स्पर्धेतल्या खेळाडूंना आणि निवेदकांना आधीच जाहीर सांगून टाकलं की प्रक्षेपणात राजकारण, धर्म असे नाजूक विषय नकोत. लोक रायटवरही चिडले, पण ब्लिझर्डवर जसा वणवा पेटला तसं झालं नाही. का? कारण रायटने काय नको ते सांगितलं, आणि आधी सांगितलं.

६.१ (ओ) मध्ये ‘राजकीय’ हा शब्दच नाही. तिथे आहे ‘दुखावणं’, आणि कुणीही दुखावलं तरी चालतं. दुखावलं की नाही हे ठरवणार फक्त कंपनी. आता विचार करा, असं कलम हातात असलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर त्या सोमवारी काय असेल. चीनमध्ये कोट्यवधी खेळाडू संतापलेले आणि तो संताप राज्ययंत्रणेच्या पाठिंब्याचा. हाँगकाँगमध्ये, घोषणा ऐकून सुखावलेले काही लाख. कलम विचारतं, कुणी दुखावलं का? उत्तर हो. प्रतिमेला बाधा आली का? चीनमध्ये आली. म्हणजे कलम पाळायचं तर शिक्षा द्यायलाच हवी आणि शिक्षेचं मापही कलमातच ठरलेलं: बक्षीस शून्य. जो गट मोठा आणि जोरात ओरडतो त्याच्या बाजूने असं कलम आपोआप झुकतं. ब्रॅक यांचं म्हणणं खरं धरलं, चीनशी व्यवहाराचा विचार कुणीही केला नाही असं मानलं, तरी निकाल हाच लागला असता. मला तर हीच गोष्ट जास्त गंभीर वाटते. दबाव कुणी आणला हे शोधून काढता येतं. कलमात आधीच मुरलेला दबाव कुणाच्या नावावर लावणार?

ठाणे जिल्ह्याला हे नवं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या दोन मुलींनी फेसबुकवर मत मांडलं, म्हणजे एकीने लिहिलं आणि दुसरीने ते आवडल्याचं दाखवलं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. दोघींना अटक झाली आणि लावलेल्या कलमांमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. त्या कलमात शब्द होते घोर अपमानकारक, त्रासदायक, गैरसोय करणारं. कुणाला त्रासदायक? ते लिहिलेलं नव्हतं. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६अ संपूर्ण रद्द केलं आणि त्यामागचं एक मुख्य कारण होतं कलमाची संदिग्धता. काय केलं तर गुन्हा होतो हे सामान्य माणसाला कळत नाही आणि पोलिसालाही कळत नाही.

लगेच कुणी म्हणेल, तो राज्याचा कायदा, हा खाजगी करार. बरोबर आहे. घटनेतलं भाषणस्वातंत्र्य ब्लिझर्डवर बंधनकारक नाही, भारतातल्या आयोजकावरही नाही. पण मसुद्याचा दोष तोच आहे. शिवाय करार म्हणून पाहिलं तरी प्रश्न उरतात. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी कोर्ट त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देईल. सामने खेळून, जिंकून कमावलेलं बक्षीस एका वाक्यापायी शून्य करणं हे आपल्याकडच्या कोर्टात वाजवी ठरवणं सोपं गेलं नसतं. ब्लिझर्डने स्वतःच पाच दिवसांच्या आत बक्षीस परत केलं, यावरून त्यांच्या वकिलांनाही ते पचलं नसावं असा माझा अंदाज.

याच जातीची आणखी दोन-तीन

ब्लिझर्ड एकटी नव्हती. नोव्हेंबर २०१८ मध्ये युबिसॉफ्टने ‘रेनबो सिक्स सीज’मधल्या कवट्या आणि जुगाराची यंत्रं काढायचं जाहीर केलं, आशियाई बाजारासाठी, पण बदल साऱ्या जगाला लागू. आमच्या खेळातलं चित्र चीनच्या परवान्यासाठी का बदलता, म्हणून खेळाडूंनी नकारात्मक अभिप्रायांचा पाऊस पाडला आणि कंपनीने महिन्याच्या आत निर्णय मागे घेतला. तिथे कुणाची रोजीरोटी गेली नव्हती, म्हणून माघार सोपी होती.

तैवानच्या रेड कँडल या छोट्या चमूचं तसं नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांचा ‘डिव्होशन’ हा भयपटासारखा खेळ आला. त्यात भिंतीवरच्या एका ताईतावर शी जिनपिंग यांची विनी द पू या कार्टूनमधल्या अस्वलाशी सांगड घालून टर उडवणारा मजकूर चिनी खेळाडूंना सापडला. चमूने माफी मागितली, चित्र बदललं, तरी आठवड्याभरात खेळ स्टीम या ऑनलाइन दुकानातून उतरवावा लागला. त्यांच्या चिनी प्रकाशकाचा परवाना गेला. डिसेंबर २०२० मध्ये पोलंडच्या गॉग या दुकानाने खेळ विक्रीला ठेवणार असं जाहीर केलं आणि काही तासांतच ‘खेळाडूंकडून बरेच संदेश आले’ असं कारण देऊन माघार घेतली. शेवटी मार्च २०२१ मध्ये त्या चमूने स्वतःच्याच संकेतस्थळावरून तो विकायला काढला.

आणि आपण? २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘फॉलआउट ३’ सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन भारतात आणलाच नाही. त्या खेळातल्या दोन डोक्यांच्या गुरांना ‘ब्राह्मिन’ म्हणतात. कुणी मोर्चा काढायच्या आत कंपनीनेच दार लावून घेतलं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲप बंद केले, तो मामला सीमेवरच्या तणावाचा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ चा, वेगळ्या जातीचा. पण त्या रात्री ऐरोलीपासून कळव्यापर्यंत किती पोरांची पदवी गेल्यासारखी अवस्था झाली होती ते ज्यांच्या घरी कॉलेजवयीन मुलं होती त्यांना विचारा.

वाशी

हे सगळं उकरून काढायचं कारण माझा भाचा. ऐरोलीला राहतो, नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात शिकतो. तो आणि त्याचे मित्र आंतरमहाविद्यालयीन गेमिंग स्पर्धा भरवतायत, वाशीत एका सभागृहात. नियमावली घेऊन माझ्याकडे आला. “मामा, जरा बघून दे ना. फॉरमॅट नेटवरून घेतलाय, फक्त नावं बदललीत.”

नावं खरंच बदलली होती. बाकी सगळं जसंच्या तसं. आणि चौथ्या पानावर, आयोजकांच्या मते समाजातल्या कुठल्याही गटाला दुखावणारी किंवा आयोजक वा प्रायोजक यांच्या प्रतिमेला बाधा आणणारी कृती, बक्षीस शून्य. सहा वर्षांनी, चौदा हजार किलोमीटरवरून, ६.१ (ओ) नवी मुंबईत येऊन पोहोचलं होतं. कॉपी-पेस्टने कायदा पसरतो तसा कुठल्याच संसदेने पसरत नाही.

मी मुलांना बोलावून घेतलं. हाँगकाँगची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले, ब्लिझर्ड चूक. मग मी उदाहरण बदललं. समजा साल २०२१ आहे. नवी मुंबईच्या विमानतळाला बाळासाहेबांचं नाव की प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं यावरून वातावरण तापलंय. २४ जूनला सिडको भवनाला घेराव घालायला हजारो भूमिपुत्र बेलापुरात जमले होते. त्याच आठवड्यात तुमची स्पर्धा. उलव्याचा एक मुलगा जिंकतो, माइक हातात घेतो आणि म्हणतो, विमानतळाला दि. बांचंच नाव द्या. तुमच्या मागच्या फ्लेक्सवर नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो आहे आणि त्यांच्या पक्षाची भूमिका दुसरी आहे. बोला.

खोली शांत झाली नाही, उलट एकदम पाच जण बोलायला लागले. एक म्हणाला माइक बंद करू. दुसरा म्हणाला, “काका, माझे आजोबा स्वतः प्रकल्पग्रस्त आहेत, मीच टाळ्या वाजवेन.” तिसऱ्याला चिंता फ्लेक्सच्या पैशांची. भाचा म्हणाला, “पण मग कुणी उद्या धर्मावर काही बोललं तर? तेव्हा पण गप्प बसायचं?” हा प्रश्न योग्य होता आणि त्याला ‘स्वातंत्र्य’ असं एका शब्दात उत्तर नाही. वाशीच्या सभागृहात दोन गटांत हाणामारी झाली तर पोलीस ठाण्यात आयोजकच उभा राहतो.

तेव्हा कलम फाडून टाकायचं नाही, त्याचे दात मोजून ठेवायचे, असं ठरवून आम्ही बसलो. जुन्या एका कलमाच्या जागी जे आलं ते साधारण असं. मुलाखत खेळापुरती असेल, हे सामन्याआधी खेळाडूला सांगायचं आणि त्याची सही घ्यायची. कुठल्याही राजकीय वा धार्मिक घोषणेला, ती कुठल्या बाजूची आहे हे न पाहता, तीच एक वागणूक: निवेदक विषय बदलेल, नाही जमलं तर मुलाखत थांबेल. बस्स. एखाद्याविरुद्ध हिंसेची चिथावणी किंवा जात-धर्मावरून शिवीगाळ असेल तर मात्र बाद. कोण दुखावलं हा निकषच काढून टाकला, कृती काय घडली एवढाच ठेवला. निर्णय तीन जणांचा, त्यातला एक बाहेरचा, खेळाडूला बोलावून ऐकून घेतल्याशिवाय नाही आणि किमान एक रात्र मध्ये जाऊ दिल्याशिवाय नाही. मैदानावर जिंकलेलं बक्षीस मुलाखतीतल्या वाक्यासाठी कापता येणार नाही, हे वेगळ्या ओळीत आणि ठळक.

प्रायोजकाला हे पटेना. मोबाइलच्या दुकानांची छोटी साखळी आहे त्यांची, माणूस सरळ आहे. त्यांचं म्हणणं, पैसे माझे, उद्या माझ्या नावाखाली कुणी काहीही बोललं तर गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन भांडणार. त्यांची भीती खोटी नाही. मित्सुबिशीच्या तैवान शाखेलाही तीच वाटली होती, फक्त उलट दिशेने. त्यांच्यासाठी वेगळा करार केला. त्यांना वाटलं तर ते कधीही आपलं नाव आणि फ्लेक्स काढून घेऊ शकतात, उरलेला हप्ता न देण्याचीही मुभा. पण खेळाडूच्या नियमावलीत त्यांची प्रतिमा, त्यांची नाराजी, त्यांची पसंती यातलं काहीही येणार नाही. आणि बक्षिसाची रक्कम स्पर्धेच्या आधी वेगळ्या खात्यात. बराच वेळ त्यांनी पेन हातात फिरवलं. “म्हणजे मी रागावलो तर माझाच फ्लेक्स काढायचा?” म्हणाले. हो म्हटलं. सही केली. नगरसेवकांचा फोटो फ्लेक्सवर ठेवायचा की नाही यावर अजून चर्चा चालू आहे, त्यात मी पडलेलो नाही.

पुढचं थोडं

ब्लिट्झचुंगला बंदीनंतर पुढच्याच महिन्यात टेम्पो स्टॉर्म या अमेरिकी संघाने करारबद्ध केलं. ज्या बाजारासाठी, किंवा कंपनी म्हणते तसं ज्याच्याशी काही संबंध नसताना, एवढं रामायण झालं, त्या बाजाराने काय दिलं? २०२२ च्या जूनमध्ये ‘डायब्लो इम्मॉर्टल’ चीनमध्ये यायच्या तोंडावर खेळाच्या वेबो खात्यावरून अस्वलाचा उल्लेख असलेली एक ओळ गेल्याच्या बातम्या आल्या, खात्याला लिहायला बंदी झाली आणि खेळ महिनाभर लांबला. २३ जानेवारी २०२३ रोजी नेटईझबरोबरचा करारच संपला आणि चीनमधल्या खेळाडूंसाठी ब्लिझर्डचे बहुतेक खेळ बंद पडले. त्यात राजकारण नव्हतं, दोन कंपन्यांचं अटींवरून फाटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेतली आणि एप्रिल २०२४ मध्ये नेटईझशी पुन्हा हातमिळवणी जाहीर झाली. म्हणजे प्रतिमा गेली ती गेली, आणि जो बाजार सांभाळायचा होता तोही मध्ये वर्षभराहून जास्त काळ हातात नव्हता.

या सगळ्यात ज्यांच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं गेलं ते टेबलाखाली वाकलेले दोन निवेदक. खेळाडूला निदान घोषणा द्यायची होती, त्यांनी तर स्वतः घोषणा दिलीच नव्हती, आणि तरी शिक्षा झाली. आमच्या नियमावलीत निवेदकांसाठी कलमच नव्हतं; मुलांच्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण निवेदन करणारे दोघं त्यांच्याच वर्गातले. शेवटच्या बैठकीत ते घातलं. पाहुणा काय बोलला याची जबाबदारी निवेदकावर नाही. मुलाखत थांबवायचा इशारा आयोजक देईल, निवेदकाने स्वतः ठरवायचं नाही. आणि त्यांचं मानधन स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, सकाळीच, रोख.